घाईच्या गिऱ्हाइकाला रायफल नाही

आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या आमच्या घरमालकांना दुकानात गिऱ्हाईक आलेलं अजिबात आवडायचं नाही. आता दुकान म्हटलं की गिऱ्हाईक येणारच ना! त्यात दुकान त्यांचं स्वतःचं, चाळीसेक वर्षांचं. पण दारावरची घंटा वाजली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा माझा रविवारी सकाळी नवऱ्याचे मित्र न सांगता टपकले की होतो. आधी चष्म्यावरून बघायचे, मग एक सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, "बसा."

दुकान बंदुकांचं होतं. रस्त्यावरून कळायचं मात्र नाही. काचेत मासे धरायचे गळ, गमबूट, पावसाळी टोप्या आणि पेंढा भरलेला एक रानकोंबडा. त्याचा एक डोळा कधीतरी गळून पडला होता, तिथे मालकांनी शर्टाचं बटण शिवलं होतं. बंदुका आतल्या खोलीत, पोलादी तिजोरीत. तिजोरीच्या किल्ल्या मालकांच्या गळ्यात, दोरीला बांधून स्वेटरच्या आत. जिन्यावर आधी किल्ल्या ऐकू यायच्या आणि मग मालक दिसायचे.

त्या दुकानाच्या वर आम्ही चार वर्षं राहिलो. मी, माझा नवरा निखिल आणि आमची ईरा. मी शॅननच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, निखिल लिमरिकला पीएचडी करत होता. म्हणजे सगळं बिऱ्हाड माझ्या एकटीच्या वर्क परमिटवर. नाशिकहून आई व्हिडिओ कॉलवर ओरडायची, "अगं, बंदुकीच्या दुकानावर राहायला गेलीस? मेलं दुसरं दुकान नाही का त्या गावात?" मी सांगायचे, "आई, इथे भाड्याने जागा मिळते हेच नशीब. तोफखान्यावर मिळाली असती तरी घेतली असती." आईचं म्हणणं, माझ्या जिभेला हाड नाही. खरं आहे ते. पुढे त्याच जिभेने मला गोत्यात आणलं, ते सांगतेच.

दुकानात एक खुर्ची होती. शाळेतली असते तशी लाकडी, एक पाय आखूड. बंदूक घ्यायला आलेल्या माणसाने तिच्यावर पंधरा मिनिटं बसायचं, असा मालकांचा नियम. कुठे लिहिलेला नव्हता. मालक आत चहा करायला जायचे आणि चहा होईपर्यंत माणूस डुगडुगत बसायचा. त्या पंधरा मिनिटांत ज्याने घड्याळ बघितलं, मोबाइल काढला किंवा "जरा लवकर झालं तर" असं काही म्हटलं, त्याला चहा मिळायचा, बिस्कीट मिळायचं, बंदूक मिळायची नाही. "आज काही दाखवण्यासारखं नाही," म्हणायचे. मागे भिंतभर बंदुका!

"घाईतल्या माणसाला गळ विकावा," ते मला म्हणाले होते. "लागला तर त्याच्याच बोटाला लागतो. बंदुकीचं तसं नसतं, मिसेस."

मला ते 'मिसेस' म्हणायचे. माझं नाव त्यांना नीट येत होतं, पण नाव घेणं म्हणजे सलगी, आणि सलगीची त्यांना घाई नव्हती.

घरातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांचं औषध एकच, बंदुकीचं तेल. दार करकरलं, तेल. ईराची सायकल अडली, तेल. एकदा माझ्या कुकरची शिट्टी अडकली म्हणून सहज बोलले, तर दोन मिनिटांत किल्ल्या वाजत वर. शिट्टी काढली, बंदुकीच्या नळीत बघतात तशी एक डोळा मिटून आत बघितली, तेलाचा थेंब सोडला आणि म्हणाले, "ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे बरं, ठीक, चालेल, आणि वेळप्रसंगी 'आता तुम्ही निघा' असंसुद्धा. आठवडाभर आमच्या वरणाला तेलाचा वास. निखिल म्हणाला, "आपण हरणासारखे बंदुकीनेच मरणार, फक्त आतून."

ईराचं पिस्तूल हे तर मोठंच प्रकरण झालं. आईने दिवाळीच्या फराळाबरोबर टिकल्यांचं पिस्तूल पाठवलं होतं, पत्र्याचं. ईरा तेव्हा सहा वर्षांची. तिने ते घेऊन जिन्यात फट फट सुरू केलं. खाली दुकानात माणसं! मी चप्पल न घालता धावले. बघते तर मालक खालच्या पायरीवर उभे, हात पुढे केलेला.

"लायसन्स?" त्यांनी विचारलं.

"बट इट्स ओन्ली अ टॉय, लाइक!" ईरा. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते इथल्या क्लेअर काउंटीचं इंग्रजी.

"सगळे असंच म्हणतात."

मग त्यांनी तिला रीतसर खुर्चीवर बसवलं. आयर्लंडमध्ये बंदुकीचा परवाना कसा मिळतो, ते मला त्या दिवशी कळलं. परवाना नुसता माणसाला मिळत नाही, त्या एका बंदुकीसाठी मिळतो, तिच्यावर कोरलेल्या नंबरासकट. आधी दुकानात बंदूक ठरवायची, मग गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, अर्ज करायचा. परवाना येईपर्यंत दोन-तीन महिने बंदूक दुकानदाराच्या तिजोरीत. तुम्ही पैसे दिले असले तरी हात लावायचा नाही. मालकांनी पिस्तुलावर खिळ्याने 'एक' असा नंबर कोरला, ईराच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि ते खरोखर तिजोरीत ठेवून दिलं. 'कशासाठी हवं' या रकान्यात ईराने सांगितलं, "भुतांसाठी." मालकांनी ते लिहून घेतलं. दहा दिवसांनी परवाना आला, त्यांच्याच अक्षरातला. तोवर टिकल्या सादळून गेल्या होत्या.

तर असा माणूस. आता रायफलीचं सांगते.

त्या वर्षी वसंतात एक नवी रायफल बाजारात आली. नवी म्हणजे जुनीच. पन्नास-साठ वर्षांपूर्वी एक परदेशी कंपनी हरणांच्या शिकारीची एक रायफल करायची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली. मध्ये ती बंद झाली होती, ती कंपनीने पुन्हा काढली. पहिल्या खेपेला सबंध आयर्लंडमध्ये मोजक्या आल्या, त्यातली एक आमच्या मालकांकडे. तिच्यासाठी दुकानात इतके फोन यायला लागले की मालकांनी फोन गमबुटात घालून ठेवला. बाकीचे दुकानदार छापील किमतीवर वाटेल तेवढे चढवून विकत होते, दीडपट, पावणेदोनपट, आणि लोक हसत देत होते.

मला नवल वाटलं. "एवढं काय आहे हो तिच्यात?"

मालकांनी खिडकी पुसता पुसता सांगितलं, "मिसेस, जूनमधला पहिला नवा बटाटा आणि ऑगस्टमधला बटाटा. बटाटा तोच. जूनमधला माणूस बटाट्याचे पैसे देत नाही. शेजाऱ्याच्या आधी खाल्ल्याचे देतो."

"आमच्याकडे हापूसच्या पहिल्या पेटीचं तेच," मी म्हणाले.

"मग तुला कळतंय सगळं. कारखाना मुद्दाम थोड्या काढतो, म्हणजे बोभाटा होतो. मासिकवाले आणि व्हिडिओवाले आधी उडवून दाखवतात, म्हणजे तोंडाला पाणी सुटतं. दुकानदार असलेली लपवतात आणि नाही म्हणून सांगतात. आणि आपल्याकडे परवाना त्या एका नंबराला चिकटलेला. एकदा अर्ज टाकला की माणूस बांधला गेला, पुढच्या खेपेची वाट बघायला मोकळा राहत नाही." मग फडकं पिळत ते म्हणाले, "आणि उरलेले म्हातारे. बापाकडे तसली होती म्हणून घेणारे. त्यांना रायफल नको असते, बाप हवा असतो. बापाची किंमत वाढवून सांगितली तर घासाघीस कोण करणार?"

आणि ते स्वतःच हसले. मीही हसले.

त्यांची मात्र पद्धत ठरलेली. नवं मॉडेल आलं की वर्षभर तिजोरीत, विकायचं नाही. "पहिल्या वर्षी लोक घाई विकत घेतात. मी रायफली विकतो." वर्षभरात दुसरी-तिसरी खेप येते, भाव उतरतो, कारखान्याच्या चुका इतरांच्या खांद्यावर फुटून जातात, मग मालक चिठ्ठी लावायचे, छापील किंमत. धंदा म्हणून हा शुद्ध वेडेपणा होता. पण वेड त्यांचं, दुकान त्यांचं, माझं काय जात होतं?

माझं काय जात होतं ते मला महिन्याभरातच कळलं.

आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस डब्लिनला बॉल्सब्रिजमध्ये. महिन्यातून एकदा मी ट्रेनने जायचे. तिथे डेक्लन म्हणून आमचा डायरेक्टर. पन्नाशीचा, सदा धावपळीत, लिफ्टचं बटण चारदा दाबणारा. माणूस वाईट नाही. जेवणाच्या टेबलावर त्याचं रडगाणं चालू होतं की त्याच्या गोल्फच्या दोस्ताने ती नवी रायफल मिळवली आणि याला कुठेच मिळत नाही, जास्त पैसे देऊनसुद्धा.

झालं! माझी जीभ वळवळली. "अरे, माझ्या घरमालकांकडे आहे की! त्यांचंच दुकान. मी सांगते ना त्यांना. घरच्यासारखे आहेत. छापील किमतीत देतील."

असं बोलायला मला कोणी सांगितलं होतं? पण आपल्या रक्तातच आहे ते. रेल्वेचं तिकीट असो, शाळेचा प्रवेश असो, 'माझी ओळख आहे' म्हटल्याशिवाय आपल्याला माणूस झाल्यासारखं वाटत नाही. आणि एक आतली गोष्टही होती, ती लपवत नाही. ऑगस्टअखेर माझं परमिट संपत होतं. नव्या अर्जावर डेक्लनची सही लागणार होती. त्याच सुमाराला कंपनीत माणसं कमी करायचं वारं होतं. सही झाली नाही तर मी, निखिल, ईरा, तिघांनी गाशा गुंडाळून नाशिक. निखिलची पीएचडी अर्ध्यात, ईराची शाळा अर्ध्यात. तेव्हा साहेबाचं एक काम होत असेल तर बरंच, असा हिशोब मी त्या टेबलावर, तोंडात घास असताना केला.

डेक्लन शनिवारी एनिसला आला. मी चक्क पोहे केले होते! वर कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड. निखिल म्हणाला, "मुलगा बघायचा कार्यक्रम आहे का?" तसाच होता. मुलगा आखूड पायाच्या खुर्चीवर डुगडुगत होता, मुलीकडचे आत चहा करत होते आणि मी दाराआड उभी राहून देवाचा धावा करत होते. त्याला मी आधीच बजावलं होतं, "फोन काढू नकोस." चौथ्या मिनिटाला त्याने काढला. सहाव्या मिनिटाला आत आवाज दिला, "किमतीचा काही प्रॉब्लेम नाही बरं का!"

मालक चहा घेऊन आले. "किमतीचा नाहीच," ते म्हणाले. "कशाला हवी?"

"हरणं. विकलो काउंटीत मित्राची जमीन आहे. आणि म्हणजे, नवीनच आली आहे ना."

"वर्षाने ये. जुनी झालेली असेल, मग बोलू." मग त्यांनी आतून एका वारलेल्या शेतकऱ्याची रायफल आणली, अर्ध्याहून कमी किमतीची. "ही घे. हिने आयुष्यात एकही हरीण चुकवलं नाही. चुकवली ती त्याने."

डेक्लन पोहे न खाता गेला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, पण नवरा माझा साहेब होता त्याचं काय? सोमवारी कॉलवर सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "घरच्यासारखे ना?" मी तोंडघशी पडले ते पडलेच. नंतर हळूच परमिटच्या फॉर्मचं विचारलं तर म्हणाला, "बघू, वरून काय येतं ते." या 'बघू'चा अर्थ कुठल्याही देशात एकच असतो.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. राग सगळा मालकांवर. जिन्याचं दार आपटायचे. दर बुधवारी मी त्यांना खाली दोन थालीपिठं पाठवायचे, ते ती लोणी आणि संत्र्याच्या मुरंब्याबरोबर खायचे. मी थालीपिठं बंद केली. बसा म्हणावं आपल्या तत्त्वांचा मुरंबा खात!

तिसऱ्या बुधवारी किल्ल्या वाजत वर आल्या. हातात तेलाची बुधली. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी, जी अजिबात करकरत नव्हती, तिच्यात तेल सोडायला लागले. मी कणीक मळत राहिले. शेवटी बिजागरीकडे बघतच म्हणाले, "तीन बुधवार झाले."

मग मी फुटलेच. म्हटलं, तुमचं होतं तत्त्व आणि माझं उठतं बिऱ्हाड. सहीचं सांगितलं, ऑगस्टचं सांगितलं, ईरा गेले दोन महिने शाळेच्या नाटकात मेंढी होणार म्हणून घरात बें बें करत हिंडते आहे तेही सांगितलं. इंग्रजीत सुरू केलं होतं, मध्येच मराठी झालं. त्यांनी अडवलं नाही. बिजागरीतून तेल भिंतीवर ओघळत होतं.

"त्या माणसाला काय हवंय ते तू मला सांगितलं होतंस," ते म्हणाले. "तुला काय हवंय ते कुठे सांगितलंस? बोलव त्याला."

"पण तुमचा नियम?"

"नियम घाई असलेल्यांसाठी आहे. अडचण असलेल्यांसाठी नाही."

डेक्लन पुढच्या शनिवारी आला. खुर्ची नाही, चहा नाही. मालकांनी रायफल तिजोरीतून काढली, काउंटरवर ब्लँकेट अंथरून त्यावर ठेवली. डेक्लनने आपणहून वरचे पैसे देऊ केले तर असे भडकले की मला वाटलं आता पुन्हा मोडतंय. छापील किंमत, एक सेंट जास्त नाही. मग इथल्या जनावरांच्या बाजारातली जुनी रीत, हातावर हात आपटला आणि विकणाऱ्याने एक नोट गिऱ्हाइकाच्या हातात परत ठेवली, शकुनाची. डेक्लनला आयुष्यात कोणी पैसे परत दिले नसावेत, तो लहान मुलासारखा खूश झाला. परवान्याचा फॉर्म आमच्याच स्वयंपाकघरात भरला. रायफलीचा नंबर मी माझ्या हाताने लिहिला. अर्ज दिल्याची गार्डांची पोच त्याने मला दुसऱ्याच दिवशी फोनवर पाठवली, अंगठ्याच्या चित्रासकट. परवाना येईपर्यंत रायफल अर्थात मालकांच्याच तिजोरीत.

आणि त्याच आठवड्यात माझ्या फॉर्मवर सही झाली. अर्ज गेला. आता वाट बघायची.

वाट बघणं म्हणजे काय ते परमिटवाल्यांना विचारा. आमच्या दुकानाला आणि घराला टपालाची पेटी एकच. सरकारी पाकिटावर वीणेचं चित्र असतं. वीणा दिसली की नाव वाचायच्या आधी माझा हात पाकिटावर. जुलैच्या एका मंगळवारी कामावर निघताना पेटीत पाकीट दिसलं, वीणेचं. मी तिथेच, अंगठ्याने, टराटरा फाडलं.

परमिट नव्हतं. बंदुकीचा परवाना मंजूर झाल्याचं पत्र होतं. मला वाटलं डेक्लनचं इथे कसं आलं? नाव वाचलं तर मालकांचं. बरं, दुसऱ्याचं पत्र फोडलं, आता तोंड कसं दाखवायचं, या विचारात घडी घालायला लागले आणि खाली नंबर दिसला. तो नंबर मी लिहिलेला होता. सहाने सुरू होणारा, शेवटी दोन शून्यं. तीच रायफल.

दुकानदाराला दुकानात बंदुका ठेवता येतात, पण स्वतः त्यातली एखादी चालवायची तर त्यालाही इतरांसारखाच स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. म्हणजे रायफल आली तेव्हाच मालकांनी तिच्यासाठी अर्ज टाकला होता. ती विकायची नव्हतीच. वर्षाने नाही आणि कधीच नाही. ती त्यांची होती. आणि मी ती त्यांच्या तिजोरीतून काढून माझ्या साहेबाला दिली होती.

मी तशीच दुकानात गेले. मालक रानकोंबड्यावरची धूळ झटकत होते. पत्र पुढे केलं.

"दुसऱ्याचं टपाल फोडणं गुन्हा आहे, मिसेस," ते म्हणाले. मग नेहमीच्या चष्म्यावर वाचायचा चष्मा चढवून त्यांनी वाचलं. "तरी मी अर्ज मागे घ्यायला गेलो होतो ठाण्यात. सार्जंट जेवायला गेला होता."

"पुन्हा का नाही गेलात?"

ते कोंबड्याच्या बटणाच्या डोळ्यावर फडकं फिरवत राहिले.

"मला सांगायचं नाही?" माझा आवाज चढला. "त्या दिवशी वर येऊन बिजागरीत तेल घालत बसलात, तेव्हा एक शब्द बोलला असतात तर..."

"तर तू नाही म्हणाली असतीस. मग?"

मी गेले आणि त्या खुर्चीवर बसले. ते उभ्या उभ्याच सांगत गेले, कोंबड्याकडे बघत. त्यांच्या वडिलांकडे तसली रायफल होती. सत्तरच्या दशकात सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये, धुमश्चक्री चालू असताना सरकारने हुकूम काढला, मोठ्या रायफली ठाण्यात जमा करा, तात्पुरत्या. वडिलांना नेववेना, म्हणून हे घेऊन गेले, एकोणीस वर्षांचे, सायकलच्या दांडीला बांधून. सार्जंट म्हणाला, महिन्याभरात परत मिळेल. वडील दर शुक्रवारी विचारायचे, "आली का?" सात वर्षं विचारत होते. मग वडील गेले. रायफल आलीच नाही.

"मी नेऊन दिली ना ती," मालक म्हणाले. "माझ्या हाताने."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. आणि बापाला विकत घेणाऱ्या म्हाताऱ्यांवर आम्ही दोघं कसे हसलो होतो, तेही आठवलं. लाज वाटली.

"मी डेक्लनला सांगते," मी म्हणाले.

"मुळीच नाही. हातावर हात मारला आहे. शिवाय तुझं परमिट आलंय का?"

नव्हतं आलं. एका ईमेलने कंपनी अर्ज मागे घेऊ शकत होती. निखिलला फोन केला तर तो म्हणाला, "दहा दिवस थांब. परमिट हातात येऊ दे, मग काय ते बोल." शहाण्यासारखंच बोलला. पण मला दहा दिवस त्या माणसाच्या डोक्यावर राहायचं होतं, खाली तिजोरी आणि वर मी. दुपारी मी गाडीत बसून डेक्लनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. रायफल परत मागितली नाही. सौदा झाला होता, आणि मालकांनी मला दारात उभं केलं नसतं. एवढंच मागितलं की, ती तुझ्याकडे जायच्या आधी त्यांना एकदा उडवू दे. एकच गोळी. विकलेल्या मालाला ते तुझ्या परवानगीशिवाय हात लावणार नाहीत.

 मला वाटलं, गेलं परमिट. मग तो म्हणाला, "रविवारी येतो."

आला. नवं कोरं शिकारी जाकीट घालून. मालकांच्या चुलतभावाचं डोंगराखाली शेत होतं, तिथे गेलो. मागे मातीचा उंच बांध, त्यापुढे दगडावर एक पत्र्याची बादली. मालकांनी रायफल पिशवीतून काढली. डेक्लनने सवयीने हात पुढे केला.

"हं!" मालक गरजले. "तुझा परवाना आला नाही अजून."

म्हणजे ज्याची रायफल होती त्याला परवाना नव्हता, आणि ज्याला परवाना होता त्याची रायफल नव्हती. डेक्लन बिचारा स्वतःच्या रायफलीपासून पाच पावलं लांब, खिशात हात घालून उभा राहिला.

मालक बादलीकडे तोंड करून बसले. दस्ता खांद्याला लावला, काढला, हाताने पुसला, पुन्हा लावला. किती वेळ बसले कोण जाणे. डेक्लनने एकदाही फोन काढला नाही, हे मी बघत होते. मग धडाम! शेजारच्या शेतातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. बादली जागच्या जागी. बांधावर, हातभर डावीकडे, माती उडाली होती.

"डावीकडे ओढते," मालक म्हणाले.  "त्यांचीही ओढायची. मी सांगायचो, तर म्हणायचे तुझाच नेम वाकडा आहे."

आणि ते हसायला लागले, हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग गोळीची रिकामी पुंगळी उचलून खिशात टाकली आणि रायफल पिशवीत घालायला लागले.

"अजून एक मारा," डेक्लन म्हणाला.

"एकच ठरली होती."

डेक्लनने घसा खाकरला. "त्याचं असं आहे," तो मेंढ्यांकडे बघत म्हणाला, "परवान्याचा फॉर्म मी अजून पाठवलेलाच नाही. राहूनच गेला बघा. कामं इतकी असतात. तोवर ती तुमच्याकडेच राहणार. आणि नुसती पडून राहिली तर गंजेल, माझंच नुकसान. अधूनमधून चालवत जा."

थाप! सपशेल थाप! गार्डांची पोच माझ्या फोनमध्ये होती, अंगठ्यासकट. मी डेक्लनकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. नंतर कळलं की दुसऱ्याच दिवशी त्याने तो अर्ज मागे घेतला.

मालकांनी त्याला निरखून बघितलं. पिशवीचा बंद पुन्हा सोडला आणि दुसरी गोळी भरली. तीही बादलीला लागली नाही.

माझं परमिट पुढच्या आठवड्यात आलं, दोन वर्षांचं. ईराने मेंढी केली, मालक पहिल्या रांगेत होते. आता निखिलला किलकेनीला नोकरी लागली म्हणून आम्ही तिकडे राहतो, पण एनिसला जाणं होतं. त्या रायफलीच्या नंतर दोन खेपा आल्या, भाव उतरला, आता कुठल्याही दुकानात छापील किमतीत मिळते. डेक्लनची अजून मालकांच्या तिजोरीत आहे, त्याच्या नावाच्या चिठ्ठीसकट. दर ख्रिसमसला तो मालकांच्याच दुकानात फोन करून काडतुसांच्या डब्याचे पैसे भरतो, रायफल चालू राहावी म्हणून, आणि मालक त्याला दरवेळी बजावतात की फॉर्म लवकर भर, मी किती दिवस सांभाळू?

परवा डब्लिनच्या ऑफिसात मीटिंग संपल्यावर मीही त्याला विचारलं, "काय रे, भरलास का फॉर्म?"

"वेळच मिळत नाही गं," तो म्हणाला, आणि लिफ्ट येईपर्यंत माझ्याशी गप्पा मारत उभा राहिला.